बारा दिवसांची गाडी

ताई मोटरसायकलवरून पडली तेव्हा श्रावण चालू होता. ती नेपाळात राहायची, बुटवलपासून दीड तासावरच्या एका गावात. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. किडनी बदलायचा विषय डॉक्टरांनी तिच्या हृदयाची अवस्था पाहून केव्हाच बंद केला होता. आठवड्यातून दोनदा भाऊजी तिला मोटरसायकलवर मागे बसवून डायलिसिससाठी बुटवलला न्यायचे. येताना तिला ग्लानी यायची, म्हणून एका शालीनं ते तिला स्वतःच्या कमरेशी बांधून घ्यायचे. त्या दिवशी पावसात शालीची गाठ सुटली. ताईच्या खांद्याचं हाड मोडलं.

मी अकोल्याला नोकरीत. आई-बाबा अमरावतीला. आईचा फोन आला.

"तुह्या बाबाले सांगतलं मी," आई म्हणाली.

"मंग?"

"पेपर वाचून राहिले होते. तो घडी करून ठेवला. अन् मले विचारलं, जावयाजवळ गाडी काहून नाई?"

पंधरा वर्षांत बाबांनी ताईबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. आणि 'जावई' हा शब्दही मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो, तोही आईमार्फत.

ताई अकोल्याला कृषी महाविद्यालयात शिकत असताना भाऊजी तिच्या वर्गात होते, नेपाळहून आलेले. दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. बाबा तेव्हा चांदूर रेल्वेला गणिताचे मास्तर होते. ते ओरडले नाहीत, कोणाला बोलले नाहीत. फक्त तहसीलमध्ये जाऊन रेशन कार्डातून ताईचं नाव कमी करून आले, आणि ते कार्ड आईच्या हातात दिलं. पुढे आई ताईला चोरून फोन करायची, मीही करायचो. पण तिकडे जायची हिंमत आम्हा दोघांतून एकालाही झाली नाही.

त्या रविवारी मी अमरावतीला गेलो तेव्हा बाबांनी मला भाऊजींना फोन लावायला सांगितला आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला. नमस्कार वगैरे काही नाही.

"तुमच्याकडे लहानी गाडी केवढ्याची येते?" त्यांनी विचारलं.

भाऊजी गोंधळले असावेत. मग त्यांनी आकडा सांगितला.

"आपल्या रुपयात सांगा."

भाऊजींनी हिशोब करून सांगितलं. हीच गाडी, भारतातच बनलेली, तिकडे इथल्या किमतीच्या अडीच पटीच्या आसपास पडत होती. सरकारी कर गाडीच्या किमतीहून जास्त, असं ते म्हणाले. भाऊजी तिकडे शाळेत मास्तर होते. त्या पगारात ते कधीच जमणार नव्हतं, हे त्यांनी म्हटलं नाही, पण कळत होतं. ताईच्या फेऱ्यांना ते कधीमधी टॅक्सी करत. दर वेळी परवडत नव्हती.

बाबांनी फोन मला परत दिला. "कारखाना आपला, गाडी आपली. सीमा ओलांडली का अडीच पट? हे कोनतं गणित हाये?"

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी बँकेतली ठेव मोडली आणि मला घेऊन शोरूममध्ये गेले. पांढरी गाडी, मागची सीट रुंद पाहिजे, एवढीच अट. सीटवर त्यांनी स्वतः आडवं होऊन पाहिलं. विक्रेता तरुण आमच्याकडे बघत राहिला. पुढे बाबा त्याच्याशी बाजूला उभे राहून बराच वेळ बोलत होते, मी कागदांवर सह्या करत होतो.

त्याच संध्याकाळी मी मोबाइलवर नियम वाचला. भारतीय नंबरची गाडी नेपाळात वर्षातून तीसच दिवस राहू शकते. तिकडे देऊन टाकता येत नाही. मी बाबांना म्हटलं, "सीमेवर काही भानगड होऊ शकते."

"बापानं लेकीले देल्ल्या वस्तूवर कोन कर लावते?" ते म्हणाले.

तीस दिवसांचा नियम मी सांगितला नाही. ते निघत होते, हेच मला खूप वाटत होतं. त्यांना अडवायचं माझ्या जिवावर आलं.

दिवाळीनंतर सोळा दिवसांची रजा घेतली. मी चालवायला, बाबा शेजारी, आई मागे. आईनं पापड, कुरड्या, लिंबाचं लोणचं बांधून घेतलं. बाबांनी मोर्शीहून संत्र्याची पेटी मागवली. नागपूर, जबलपूर, गोरखपूर असं करत तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सोनौलीच्या सीमेवर पोहोचलो.

नेपाळच्या बाजूला कागद करायच्या खिडकीत एक मध्यमवयीन अधिकारी होता. वागायला सभ्य माणूस. बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात दानपत्र लिहून आणलं होतं. मला त्याचा पत्ता नव्हता.

"ये गाडी मेरे लडकी को दिया हू," बाबा म्हणाले.

अधिकाऱ्यानं तो मराठी कागद उलटसुलट पाहिला. मग नंबरप्लेटकडे बोट दाखवून त्यानं समजावलं. नंबर पडला की गाडी जुनी धरतात, मग ती महिन्याभराची असली तरी. जुनी गाडी कायमची आत येत नाही. नवी आणायची तर तिकडच्या विक्रेत्याकडून, पूर्ण कर भरून. शेवटी तो म्हणाला, "बाबूजी, घुमाने लाए हैं तो बताइए, कितने दिन?"

बाबा माझ्याकडे बघू लागले. परतीच्या प्रवासाचे दिवस वजा करून माझ्या रजेत मावत होते तेवढे मी सांगितले. बारा दिवसांची पावती बनली.

ताई अंगणात खुर्चीवर बसली होती. मी तिला ओळखलं ते तिच्या कपाळावरून. चेहरा काळवंडलेला, पाय सुजलेले, हातावर सुयांनी झालेल्या गाठी. बाबांनी संत्र्याची पेटी तिच्यापुढे ठेवली. तिनं एक संत्रं उचललं, वास घेतला आणि नवव्या वर्गात शिकणाऱ्या तिच्या मुलीच्या हातात दिलं.

"मले चालत नाई, बाबा. डॉक्टरनं मना केलं."

पापड आणि लोणचं मिठामुळे बाद. आईनं आणलेलं सगळं शेजाऱ्यांकडे गेलं. ताईची बोली मात्र पंधरा वर्षांपूर्वी होती तशीच होती, आमच्यापेक्षाही पक्की.

बारा दिवसांत बुटवलच्या तीन फेऱ्या झाल्या. येताना ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून मागच्या सीटवर आडवी व्हायची. भाऊजी मोटरसायकलवर आमच्या मागून यायचे. गाडीत जागा होती, पण ते बसले नाहीत.

शेवटच्या फेरीला बाबा समोर बघतच म्हणाले, "आमच्यासंगं अमरावतीले चाल, बाई. दवाखाना घरापासून दहा मिनिटावर हाये."

ताईनं आईच्या मांडीवरून डोकं उचललं.

"आता म्हनता, बाबा?" ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पोरीची शाळा इथं, ह्यायची नोकरी इथं. मी तिथं येऊन काय करू? छताकडे पायत पडू?"

"असं नोको बोलू," आई म्हणाली.

बाबांनी खिडकीची काच खाली केली आणि गाव येईपर्यंत बाहेर तोंड करून बसले.

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. त्याच दिवशी ताईचं डायलिसिस होतं. आमच्या डोळ्यांदेखत भाऊजींनी शाल तिच्या पाठीमागून घेतली, स्वतःच्या पोटावर दोन गाठी मारल्या आणि मोटरसायकल सुरू केली. फाट्यापर्यंत ते आमच्या पुढे होते. तिथं ते उजवीकडे वळले.

जबलपूरच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. आई गाडीत झोपली होती. मला राहवलं नाही.

"बाबा, मले तो नियम माईत होता. निघायच्या आधीच वाचला होता."

ते चहा ढवळत होते. "शोरूमच्या पोरानं मलेबी सांगतला होता."

"मंग गेले काहून?"

"रिकाम्या हातानं कसा गेलो असतो?"

नेपाळचं वर्ष एप्रिलात संपतं, त्यातले गाडीचे अठरा दिवस शिल्लक होते. फेब्रुवारीत पुन्हा जायचं ठरलं. माझी रजा मंजूर झाली, बाबांनी गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. ताई जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेली, डायलिसिस चालू असतानाच. आम्ही रेल्वेनं गोरखपूर गाठलं, पुढे बसनं. पोहोचलो तेव्हा सगळं आटोपून तिसरा दिवस होता.

ओसरीवर भाऊजी पांढऱ्या कपड्यात बसले होते. बाबा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. भाची आतून पाणी घेऊन आली. ताईनं तिला मराठी शिकवली होती, तुटकतुटक बोलायची.

तिनं बाबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही आधी कधीच का नाही आले?"

बाबांनी पाण्याचा गिलास दोन्ही हातांनी धरला. "चुकलं, बाई," ते म्हणाले. ती तिथंच उभी राहिली. तिला आणखी काही ऐकायचं असावं. नंतर ती माझ्याकडे वळली, आणि मी मान खाली घातली.