लकवा नव्हता तो

नवरा हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून कोशाचं रेशमी कापड विणत होता. एकाएकी ओरडला, "पाय गेले माझे!" आम्ही धरून वर काढला, तर कमरेखाली सगळं लुळं. वेदनेनं नुसता तडफडत होता.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बघताक्षणी म्हणाले, "लकवा हाय. हवा लागली त्याले." झालं! भंडाऱ्यातल्या आमच्या घरात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खिडक्या लावल्या, त्याला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं, कबुतर आणवलं आणि त्याचं रक्त दोन्ही पायांना चोळायला घेतलं. भासऱ्यांशी थेट बोलायची सुनेला मुभा नाही, म्हणून मी सासूबाईंना म्हटलं, "लकव्यात एक बाजू जाते ना? ह्यायचे दोन्ही पाय कसे गेले? अन् बर्फावानी थंडे काहून?" आतून भासऱ्यांचं उत्तर आलं, "बाईले काय समजते!" दिवस तसाच गेला. सरकारी दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

दुसऱ्या दिवशी त्याला वेदना सोसेनात, तेव्हा कुठं दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं ब्लँकेट दूर केलं. पाय काळेनिळे. तिनं जांघेत बोटं ठेवून नाडी शोधली, सापडेना. तातडीनं नागपूरला पाठवलं. तिथल्या सर्जननी सांगितलं की हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी महाधमनीत, जिथं दोन्ही पायांच्या वाटा फुटतात तिथं, जाऊन बसली आहे. दोन्ही जांघांत चिरून त्यांनी बारीक नळी वर सरकवली, तिच्या टोकाचा फुगा फुगवला आणि गुठळी ओढून काढली. उजव्या पायात ऊब आली. डावा मेलाच होता, तो गुडघ्याच्या वरून कापला. "लवकर आणायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. मी भासऱ्यांकडे बघितलं. ते मोबाइलवर बोलत होते.

घरी आणल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. माग चालवायला दोन्ही पाय लागतात, तो बंदच पडला होता. भासरे पलंगाशी बसून येईल त्याला सांगायचे, "मालिश केली म्हणून एक पाय तरी वाचला." लोक माना डोलवायचे. मी पुष्कळ ऐकून घेतलं. एकदा मात्र चहा घेऊन आले, तेव्हा पाहुण्यांदेखत बोललेच, "अन् दुसऱ्या पायाले मालिश नव्हती केली काय?"

भासरे उठून गेले. पाहुणेही चहा तसाच ठेवून निघाले. नवरा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "चूप राहत जा. आता दादाच्याच कमाईचं खाऊन राहिलो आपण."