काकूचा झ

"लई साधी बाई होती की ओ. लिहायवाचायचं कायबी ठावं न्हाय, पर हाताला काय चव!"

शेजारच्या गंगव्वा ओसरीवर बसून कुणाला तरी सांगत होत्या. काकूचा तेरावा दिवस होता. काका दाराशीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि चेहरा दुःखी करून मान डोलावली... डोलावली! मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि आत निघून गेले.

त्याला आता महिना होईल. माझ्या भागीरथीकाकूला तापानं चार दिवसांत नेलं. काकांचा इथे शिळाछाप छापखाना आहे आणि त्यांची लेबलं न पाहिलेला माणूस सोलापुरात सापडायचा नाही. चादरीच्या घडीवर चिकटवलेलं ते ऐसपैस, जरासं झुकलेलं अक्षर. घरातल्याच कुणीतरी चुलीवरचं दूध सांभाळत चिठ्ठी लिहून ठेवावी तसं. खाली कोपऱ्यात काकांची बारीक सही. सही तेवढी त्यांची. अक्षर काकूचं.

काकूचे वडील नातेपुत्याच्या बाजारात बसून लोकांची पत्रं लिहून देत. त्यांच्या मांडीशी बसून ती शिकली. दुपारची जेवणं उरकली की काका खळ लावलेला पिवळा कागद आणि तेलकट शाई आणून देत, बाहेरून कडी लावत, आणि ती लिही. तो कागद दगडावर पालथा दाबला की अक्षर दगडावर उलटं उतरतं आणि छापताना सुलटं होतं. काकांचं काम एवढंच, दाबायचं. "बायकोच्या अक्षरावर छापखाना चालतो म्हटलं तर गिऱ्हाईक हसेल," ते म्हणत. गिऱ्हाईक कशाला हसेल हे मला अजून कळलेलं नाही. काकांना मात्र गिऱ्हाइकापुढे हसताना मी पुष्कळदा पाहिलंय, "अहो, मनात येईल तसा बोरू फिरवतो झालं!" असं म्हणत.

बरं, त्या अक्षराचा वापर तरी अकलेनं करावा! चादरीवर ते शोभे, लग्नपत्रिकेवर शोभे. कुणीतरी आपल्याला आपुलकीनं बोलावतंय असं वाटे. पण काकांना एकदा नफ्याचं अक्षर सापडल्यावर ते थांबतात कुठले? तपकिरीची पुडी, सोड्याची बाटली, जप्तीच्या मालाचा लिलाव, सगळीकडे तेच. सात रस्त्यावरच्या एका भिंतीला 'येथे थुंकू नये' हेसुद्धा माझ्या काकूनं मायेनं सांगितलेलं होतं. लोक त्यावर थुंकत. काका म्हणत, "जाहिरात झाली."

मी त्यांना नावं ठेवते आहे, पण माझंही सांगायला हवं. मी पुण्याला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात होते. काकू दर आठवड्याला पत्र लिही. एकदा मिजाशीत मी इंग्रजीत उत्तर धाडलं. तिनं ते पोस्टमास्तरांकडून वाचून घेतलं आणि लिहिलं, 'बाळ, तुझं अक्षर फार नीटनेटकं आहे, पण त्यात तू कुठे दिसत नाहीस.' मला राग आला. मग लाज वाटली. मग मी तिची सगळी पत्रं ट्रंकेत जपून ठेवू लागले, इंग्रजी वह्यांच्या खाली, मैत्रिणींना दिसू नयेत अशी... म्हणजे मीही कडी लावलीच होती.

गेल्या आठवड्यात मुंबईहून एक गृहस्थ आले. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ओतण्याचा त्यांचा कारखाना. हातानं लिहिल्यासारखा दिसणारा खिळा त्यांना काढायचा होता. नमुना म्हणून त्यांनी काकांची लेबलं कापून, एकेक अक्षर एका मोठ्या कागदावर ओळीनं चिकटवून आणलं होतं. "खिळ्याला नाव अर्थात तुमचंच," ते म्हणाले. काकांनी मोठ्या विनयानं हात जोडले.

"एकच अक्षर राहिलंय," पाहुणे म्हणाले. "झ. इतक्या लेबलांत कुठे झ नाही हो. एवढा आत्ता काढून द्या."

काकांनी बोरू घेतला. पहिला झ कचेरीतल्या कारकुनासारखा ताठ निघाला. दुसरा कुबडा. तिसऱ्याला त्यांनी मुद्दाम झुकवलं, तर तो पडायलाच आला. मी दाराआडून पाहत होते, आणि कुणाच्या घामाकडे इतक्या समाधानानं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"घरातली गेल्यापासून हात थरथरतो..." काकांनी उपरण्यानं डोळे टिपले.

पाहुणे भले होते. "अहो, राहू द्या, राहू द्या. पुढच्या खेपेला नेतो."

पुढच्या खेपेपर्यंत काका झ गिरवतील, हे मला स्वच्छ दिसलं. दिवसाला शंभर गिरवतील. मग ते अक्षर शिशात ओतलं जाईल, गावोगावच्या छापखान्यांत जाईल, आणि काकू कायमची लिहायवाचायचं ठावं नसलेली, हाताला चव असलेली बाई होऊन राहील.

पाहुणे उठायच्या आत मी जाऊन ट्रंक उघडली. वह्यांखालून पुडकं काढलं. मालाच्या लेबलावर कुणी 'माझी', 'तुझी' लिहीत नाही. पण या प्रत्येक पत्राच्या शेवटी ते होतं, घाईत, कागद संपत आल्यावर कडेला दाटीवाटीनं बसवलेलं : तुझी काकू.

पुरुषमाणसं बसलेल्या खोलीत मी त्याआधी कधी आपण होऊन गेले नव्हते. काकांनी पुडकं ओळखलं असावं. "शालू, आत जा," ते म्हणाले. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक निघाला, पण निघाला.

"झ माझ्याजवळ आहे," मी पाहुण्यांना म्हटलं. "हवे तेवढे आहेत. हे सगळं अक्षर माझ्या काकूचं, भागीरथीबाईंचं. खिळ्याला तिचं नाव देणार असाल तर देते."