सरांनी दिलेली बेरीज

गाइड देवासारखा असतो असं ज्यांनी म्हटलंय, त्यांनी पीएचडी केलेली नसावी. माझे गाइड बेलापूरला खाडीच्या बाजूला राहायचे. नेरूळच्या कॉलेजातले तास आटोपून मी दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जायचे. कॉलेजात मी तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करणारी. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, आणि पीएचडी हवी तर सरांनी दिलेली एक बेरीज सुटायला हवी.

बेरीज दिसायला साधी. डावीकडे द्विपद सहगुणकांच्या गुणाकारांची लांबलचक रांग, उजवीकडे एवढंसं उत्तर. n कितीही घ्या, दोन्ही बाजू समान येतात हे सिद्ध करायचं. पाच वर्षं मी तिच्या मागे होते. काही खास रूपं सुटली, मूळ बेरीज हटून बसली. लेकीच्या स्नेहसंमेलनालासुद्धा मी पाठकोरे कागद मांडीवर घेऊन बसायचे. आपण मठ्ठ आहोत, या निष्कर्षापर्यंत तर कधीच पोचले होते. एकदा भीत भीत विचारलं, सर, कॉम्प्युटरवर बघू का? ते म्हणाले, "अगं, मशीनला उत्तर कळतं, गणित कळत नाही. हातानं कर." मला ते पटलंही, इतकी मी गुणी.

मग कॉलेजच्या लॅबमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं, आकड्यांऐवजी थेट अक्षरं घेऊन बीजगणित करणारं. मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी उदाहरणं शोधताना मी सहज माझी बेरीज त्यात टाकली. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत सिद्धता आली. नुसतं 'बरोबर' नव्हे, त्यानं एक अपूर्णांक दिला. तो वापरून पदं मांडली की शेजारशेजारची पदं एकमेकांना कापत जातात आणि सगळी रांग मिटते. पडताळा मी हातानंच घेतला. अर्धं पान पुरलं. आनंद व्हायला हवा होता, पण डोकंच फिरलं.

शनिवारी ते पान सरांपुढे ठेवलं. दिवाळे गावच्या कोळीवाड्याकडून सुकत्या मासळीचा वास येत होता म्हणून त्यांनी आधी खिडकी लावून घेतली. मग चष्मा लावून पान पाहिलं आणि म्हणाले, "हां, हाच अपूर्णांक येतो."

"सर, तुम्ही हा आधी पाहिलाय?"

"मग? तुला द्यायच्या आधी मशीनवर तपासायला नको? विधान खोटं निघालं असतं तर तुझी वर्षं फुकट गेली असती."

हे ते अगदी मायेनं म्हणाले. तेच मला अजून सोसत नाही. दुष्टपणा असता तर निदान भांडता आलं असतं. प्रबंधाचं काय, असं विचारलं तर म्हणाले, बटण दाबून येणाऱ्या गोष्टीला पदवी कोण देणार? मग मी पाच वर्षं हातानं का करत होते?

"हात तयार झाला ना तुझा."

असा तयार हात घेऊन मी पोळ्या लाटायच्या होत्या.

त्यांनी ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. "वाईट वाटून घेऊ नकोस. ही घे, याहून छान आहे."

"तपासलीय?"

"अर्थात. खरी आहे."

त्यांच्या सहीशिवाय विद्यापीठात माझा कागद हलत नव्हता, आणि गाइड बदलायचा तर नोंदणी पहिल्यापासून. मी ती बेरीज घेतली, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि "थँक्यू सर" म्हणून जिना उतरले.