गुरवकाकांची पाठ

"अहो काका, सरा ना बाजूला! नुसती पाठ दिसतेय! देव कुठाय देव?"

मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये उभा राहून मी टीव्हीवर ओरडत होतो. असा ओरडत होतो की खालच्या मजल्यावरच्या काकूंचा कुकर शिट्टी न देताच उतरला असेल. टीव्हीवर गावच्या देवळाचा गाभारा होता, आणि अख्खा गाभारा व्यापून गुरवकाकांची पाठ होती. काय ती पाठ! तळकोकणात एवढी रुंद जागा मिळाली असती तर सरकारने तिच्यावर हेलिपॅड बांधलं असतं.

माझ्यामागे सोफ्यावर बाबा बसले होते. त्यांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टरने आम्हाला केबिनमध्ये बोलावून स्क्रीनवर त्या नळ्या दाखवल्या होत्या. काळ्यापांढऱ्या, शेवग्याच्या मुळांसारख्या, मध्येच तुटलेल्या. "बायपास या आठवड्यात करा. नाहीतर चालताबोलता जातील," डॉक्टर म्हणाला. बाबांनी स्क्रीनकडे असं बघितलं, जसं कोणी शेजाऱ्याच्या लग्नाचा अल्बम दाखवतंय. आणि म्हणाले, "देवाक इचारूया."

आमच्याकडे देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवाच्या दोन्ही खांद्यांवर गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली की होकार. डावी पडली की नकार. गिरणीत लागताना बाबांनी कौल लावला होता, गिरणी सोडताना लावला होता. माझ्या लग्नाच्या वेळीही लावला होता, आणि तो उजवा आला यावर माझ्या बायकोचा अजून विश्वास बसलेला नाही.

पण आता गावाला जायचं कसं? डॉक्टरने तर जिने चढायलाही बंदी केलेली. तेव्हा ही नामी कल्पना माझ्याच डोक्यातून निघाली: व्हिडिओ कॉल! चुलतभाऊ देवळात फोन धरेल, इथे आपण टीव्हीला जोडू, बोरिवलीची आत्या आणि अंधेरीचे भावोजी आपापल्या घरून बघतील. बाबांचा चेहरा फुलला. गेली कित्येक वर्षं ते जत्रेला गेले नव्हते. त्या सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते टीव्हीसमोर हात जोडून बसले, तेव्हा मी मनातल्या मनात त्या फोनलाही नमस्कार केला. खोटं कशाला बोलू?

गुरवकाका सरकले. देव दिसला. अगदी लख्ख. दगडावरचा शेंदूर, शेंदरावरचं पाणी, पाण्याखालची पाकळी. देवळात उभं राहूनसुद्धा आम्हाला देव इतका जवळून कधी दिसला नव्हता.

"बा देवा म्हाराजा!" काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "ह्या तुझा लेकरू आज मुंबैत मुलुंडाक बसला हा. काळजाची नळी तुंबली हा. डाक्टर छाती फाडूक बघता हा. ता काम करूचा तर उजवो कौल दी, नको तर डावो दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. गेटवरचा गोरखपूरचा वॉचमनही खालून ओरडला असेल, सवयीने.

मग शांतता. पंख्याचासुद्धा आवाज नाही, कारण तो मी बंद केला होता. नाहीतर बाबा म्हणाले असते, वाऱ्याने पडली.

डाव्या खांद्यावरची पाकळी हलली. घसरली. शेंदरावर एक ओली रेघ ओढत खाली आली आणि पडली.

"उजवो!" गुरवकाका त्याच क्षणी गरजले. "उजवो दिल्यान! होय म्हाराजा!"

कोणीच 'होय म्हाराजा' म्हणालं नाही. तिकडून आत्याचा आवाज आला, "अगो बाय माझे…" आणि तिने स्वतःला म्यूट केलं. जन्मात पहिल्यांदा तिला ते बटण सापडलं.

बाबा उठले, शांतपणे आत गेले आणि सदरा बदलून आले.

पुढचे दोन-तीन तास कसे गेले ते सांगतो. भावोजींनी कॉल रेकॉर्ड केला होता, तो फॅमिली ग्रुपवर टाकला. त्यावर कोणीतरी लाल बाण काढला. कोणीतरी पाकळी एवढी मोठी केली की देव घाटकोपरच्या रस्त्यासारखा दिसायला लागला. एका मावसभावाने व्हिडिओ स्लो मोशनमध्ये पाठवला, आणि त्यात ती पाकळी पडायला इतका वेळ घेत होती की मला वाटलं, थांबेल. खरंच वाटलं. मी तो परत परत लावून बघितला. दर वेळी वाटायचं, या खेपेला थांबेल.

शेवटी मी मुलीला बाजूला घेतलं. कॉलेजात आहे, तिला हे सगळं येतं.

"हे उलटं करता येतं का गं? आरशासारखं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "आजोबांना फसवायचं?"

"आजोबांना वाचवायचं."

तिने बोट फिरवलं. एवढंच. देवाचा डावा खांदा उजवा झाला. ज्याच्यासाठी माणसं नवस बोलतात, ते एका बोटाने झालं. मी धावत हॉलमध्ये गेलो. "बाबा, बाबा! आपली चूक झाली! फोनचा कॅमेरा उलटं दाखवत होता. हा बघा खरा!"

बाबांनी चष्मा लावला. पूर्ण बघितला. मग स्क्रीनच्या कडेला दिसणाऱ्या काकांच्या हाताकडे बोट दाखवलं. त्या हातात पाण्याची पळी होती.

"गुरव डावखुरो कधी झालो?"

मुलगी आत पळाली. मी तिथेच उभा राहिलो, हातात फोन घेऊन, भिकाऱ्यासारखा.

मग गॅलरीत जाऊन काकांना फोन लावला. "काका, परत लावा कौल. दहादा लावा. तुम्ही बोला बाबांशी, ते तुमचं ऐकतील. माझ्या बापाला मारू नका हो काका."



"देवाक परत इचारूक येता रे झिला," ते म्हणाले. "पण तुझ्या बापाशीन बघल्यान, ता आता पुसूक येवचा नाय. आजारी माणसाचो कौल मी आजवर कोणाक बघूक दिलंय? म्हणान तर मी मधे उभो रवतंय. तूच माका बाजूक केलंस."

आमच्या गावात आजारी माणसाला डावा कौल कधी आलाच नाही, हे मला तेव्हा आठवलं. आजीला नाही, धाकट्या काकांना नाही. लहानपणी मला वाटायचं, आमचा देव फार दयाळू.

मी आत आलो. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो. एवढा मोठा घोडा मी, केस पांढरे झालेले, आणि त्यांचे गुडघे धरून रडायला लागलो. "बाबा, डॉक्टरच्या स्क्रीनवर तीन नळ्या बंद दिसल्या, ते तुम्हाला खोटं वाटतं. आणि आपल्या टीव्हीवर एक पाकळी पडली, ते खरं? अहो, तुम्ही माझं काहीच ऐकणार नाही का? नातीचं तरी ऐका. मी देवाचं पाप माझ्या डोक्यावर घेतो. लिहून देतो हवं तर."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गरम होता, जड होता, चांगला जिवंत होता. "तुका काय लागाचा नाय पाप," ते म्हणाले. "तू बरा दाखवलंस. देव जवळसून दिसलो."

तेवढ्यात माझा फोन वाजला. हॉस्पिटल. बायकोने तो उचलून स्पीकरवर टाकला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, पेशंट उद्या ॲडमिट होतायत ना? बेड होल्ड करून ठेवलाय आम्ही."

मी बाबांकडे बघितलं. बायकोने बघितलं. दारात उभ्या मुलीने बघितलं.

बाबा फोनकडे वाकले, आणि भाजीवाल्याला सांगावं तसं म्हणाले, "बेड दुसऱ्या कोणाक तरी देवा."