फेटा कुणाला बांधायचा

आमच्या माळावर पूर्वी लढाई झाली होती, असं एका संशोधकांनी छापलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. दौंड तालुक्यात, राहू गावाच्या पुढं उसाच्या पट्ट्यात आमचं गाव. इथं लढाया होतात त्या पाटाच्या पाळीवरून. पण हे गृहस्थ आले, देवळापुढची वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड, त्यांनी पाहिली, चार फोटो काढले आणि लिहून मोकळे झाले, की ज्याअर्थी इथं वीरगळ उभी आहे, त्याअर्थी इथं चकमक घडली असावी. अहो, विचारायचं तरी! दगड इथला नाही. आम्हीही इथले नाही. डोंगरातलं आमचं गाव धरणात गेलं, सरकारनं आम्हाला इथं आणून बसवलं, तेव्हा तो आमच्याबरोबर ट्रकमध्ये बसून आला.

मी दौंडला कॉलेजात इतिहास शिकवते. पाण्याखाली गेलेल्या आमच्या खोऱ्यातल्या वीरगळींवर पुस्तक लिहायला घेतलं होतं, त्यामुळं उत्तर देणं मलाच भाग होतं. पहिलं प्रकरण आमच्याच वीराचं. त्याची गोष्ट विचारायला कुठं लांब जायची गरज नव्हती, घरात आबा होते.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांची गोष्ट मी पाळण्यात असल्यापासून ऐकते आहे. आमचा मूळपुरुष घोड्यावर निघाला, खिंडीच्या तोंडाशी शत्रूला अडवलं आणि तिथंच कामी आला. शत्रू कोण, ते आबांच्या लहरीप्रमाणं बदलायचं. कधी मोगल, कधी पेंढारी, आणि निवडणुकीच्या वर्षी तर तो वरच्या आळीतलाच कुणीतरी वाटायचा. घोडा मात्र कायम. दगडावर तो घोडा कुणीच पाहिलेला नव्हता, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर चढून सगळा गोळा झाला होता. खरवडायची आमच्यात रीत नाही. शेंदराची खोळ आपणहून गळेल तेव्हा गळेल.

चैत्रातल्या जत्रेला त्या गोळ्याला फेटा बांधायचा मान आबांचा, वीराच्या घरातले म्हणून. स्वतःच्या लग्नात बांधला नसेल इतक्या निगुतीनं बांधायचे. दोनदा सोडायचे, पुन्हा बांधायचे. मदतीला कुणी पुढं झालं की, "हात काढ!" वर्षभर आबांच्या अंगात जो ताठा असे, तो सगळा त्या एका फेट्याचा.

यंदा ऊनच असं पडलं, की जत्रेला आठवडा राहिला आणि भर दुपारी खोळ गळून पडली. गाव धावलं. आबांना खुर्चीसकट उचलून आणलं. मी तर हरखून मोबाइलच काढला. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला गडी स्वच्छ दिसत होता. पायी होता. आणि त्याच्या मागं गाई. एकीच्या शेपटाला दुसरी, गाईच गाई.

आबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. "घोडं कुठं हाय?"

सगळे दगडावर वाकून शोधू लागले.

"मागल्या अंगाला बघा की रं!"

मागं दगड सपाट होता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खोऱ्यात आमच्या समोरच, नदीपलीकडं एक गाव होतं. त्यांचा वीर गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेला, हे आम्हा सगळ्यांना माहीत. दोन्ही गावं एकाच दिवशी उठली आणि दोन्ही दगड एकाच ट्रकमध्ये पडले. दोघंही शेंदरानं लिंपलेले, दोघांचं माप सारखं. आमच्या माळावर ट्रक थांबला, तेव्हा "ह्यो आपला" म्हणून बोट दाखवणारे आबाच होते.

दोन दिवस आबा देवळाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "म्या जल्मभर दुसऱ्याच्या बापाला फेटा बांधला!" सरपंच समजूत काढायला आले. "आबा, जत्रा तोंडावर हाय. वीर बोडका राहिला तर गाव काय म्हणंल?" आबा म्हणाले, "न्हाई म्हंजी न्हाई. आधी माझा वीर आणा." मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगते, पुस्तकाला काय झकास प्रकरण मिळालं, म्हणून मनात उकळ्याही फुटत होत्या.

पलीकडचं गाव आता कारेगावच्या अलीकडं वसलंय. निम्मी पोरं कंपनीत कामाला. आम्ही टेम्पो ठरवला, दोर घेतले, दगडाखाली घालायला पोती घेतली आणि न्हावऱ्यावरून निघालो. आबांच्या मांडीवर नवाकोरा फेटा. वाटेत हळूच मला विचारतात, "त्यो मला वळखंल का गं?"

तिथं एक म्हातारी सगळ्यांची मामी. मी तिला मोबाइलवर गाई दाखवल्या. तिनं कपाळावर हात मारला.

"आत्ता गं बया! तरीच आमची जनावरं टिकंनात! राखणदार तुमच्यात जाऊन बसलाय व्हय!"

"आमच्यात एक शेळी गेली न्हाई आजवर," टेम्पोवाला म्हणाला.

"बघा! खायचं आमचं आन् राखायचं तुमचं!"

सगळे खो खो हसले. आबासुद्धा.

त्यांच्या दगडावर शेंदूर अजून होता, फक्त एका कोपऱ्याला टवका उडालेला. तिथं काहीतरी गोल दिसत होतं. मामी म्हणाली, ती गाईच्या गळ्यातली घंटा. आबांनी गुडघे टेकले, त्यावरून बोट फिरवलं. "घंटा न्हाई मामी, घोड्याची रिकीब हाय. पाय हाय बघा तीत." मग किती तरी वेळ ते बोट तिथंच.

दगडावर पोरांनी पत्र्याची शेड घातली होती, खाली फरशी, वर ट्यूबलाइट. तेवढ्यात कंपनीच्या कपड्यातला एक जण मोटरसायकल थांबवून उतरला, बूट काढले, दगडाला डोकं टेकवलं आणि ड्युटीवर निघून गेला. आमच्याकडं त्याचं लक्षही नव्हतं. आबा त्याच्या पाठीकडं बघत राहिले.

"दोर काढू का?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

मामीचं हसू गेलं. "तुमचाच हाय, न्या," म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

आबा उठले, कपडे झटकले. "एकदा उठवलाय त्याला. ट्रकात कसा आडवा पडला हुता, म्या बघितलंय. आता न्हाई."

त्यांनी तिथंच फेटा बांधला. दोनदा सोडला, पुन्हा बांधला.

"आन् आमचा?" मामीनं विचारलं.

"हाय माझ्यापशी. घोर करू नका."

जत्रेच्या सकाळी आबांनी दुसरा फेटा मागवला. सरपंचांना राहवलं नाही. "आबा, दुसऱ्याचा बाप न्हवं का ह्यो?"

"पाव्हणा हाय. पाव्हण्याला बोडकं ठिवत्यात व्हय?"

मी कापडाचं टोक धरून उभी होते. यंदा आबांनी माझा हात काढायला लावला नाही. त्या संशोधकांना उत्तर धाडायचं राहिलंच होतं, म्हणून मी विचारलं, "आबा, पुस्तकात हा कुठला म्हणून लिहू?"

आबांनी तुरा सारखा केला, मागं सरून पाहिलं.

"पाण्याखालचं गाव आधी लिव्ह. मग हितलं लिव्ह. आन् मास्तरीणबाई, मधी त्यो ट्रक लिवायला इसरू नगं."