कान दाखवा

"कान दाखवा, जी."

शेलूबाजारात तुम्ही कधी पासपोर्ट फोटो काढला असेल, तर हे तुम्ही ऐकलंच असणार. कॅमेऱ्यामागून स्टुडिओवाल्या आपा हवेतच दोन बोटं वर करायच्या. म्हणजे हनुवटी वर. मग टोपी काढायला लावायच्या, केस मागे घ्यायला लावायच्या आणि शेवटी कान. समोर सरपंच असो की नवरी. एक आजोबा चिडले, "कान पाहून पेन्शन देतेत का वो?"

"मंग? तोंड तं साऱ्याइचं सारखंच असते," आपा म्हणाल्या.

मी देवगडचा. नववीत शाळा सोडली, हापूसच्या ट्रकवर क्लीनर म्हणून इकडे आलो आणि हायवेवरच्या एका शेठकडे राहिलो. शेठ पिंजऱ्यातले शोभेचे परदेशी पक्षी विकतात. पिंजरे धुवायचे, दाणे घालायचे आणि गिऱ्हाइकांना मोबाइलवर फोटो पाठवायचे. पहिली दोन कामं जमली, तिसऱ्यानं घात केला. शेड पत्र्याची, आत काळोख, आणि एकुलत्या एका दारातून डोळे दिपवणारं ऊन. फोटोत जाळी चमकायची आणि मागे पक्षी म्हणजे नुसता डाग. फ्लॅश मारला की बिचारे घाबरून जाळीवर आपटायचे.

त्यात एक पांढरा कॉकाटेल होता. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका. माझे फोटो पाहून गिऱ्हाईक म्हणालं, पक्षी आजारी दिसतो. शेठ म्हणाले, "उद्यापर्यंत धड फोटो काढ, नाही तं तुह्या कोकणात जाय."

घरी जाऊन काय सांगणार, पक्ष्याचा फोटो नीट आला नाही म्हणून परत आलो?

दुसऱ्या दिवशी सकाळीच आपांच्या स्टुडिओत गेलो. "आपा, एका पक्ष्याचा फोटो काढाल?"

"बसते का थो स्टुलावर?"

"नाही."

"मंग मीच येते बाप्पा."

आल्या, पण पक्ष्याकडे बघेनात. दाराकडे बघत राहिल्या. "कोकन्या, पाखराची काही गलती नाही. ऊन जाळीवर पडून राह्यलं, थे चमकते." डोक्यावरच्या काळ्या ओढणीचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "धर असं. अर्धं दार झाक." जाळीवर सावली पडली. आपांनी कॅमेरा जाळीला टेकवला आणि काय सांगू, जाळी गायबच!

मग त्यांनी दोन बोटं वर केली. "कान दाखवा, जी."

इतका घाबरलेला मी, पण हसू फुटलंच. "आपा, पक्ष्याला कुठले कान?"

"तुले दिसत नाही म्हणून नसते का?"

कॉकाटेल आमच्याकडे पाठ करून बसला. माझा हात अवघडला. "आला का आपा? आला का?"

"पयले तू श्वास घे. कायले इतका भेतं? मी थोडीच तुहा फोटो काढून राह्यली?"

तेवढ्यात बाहेर जीपवाला ओरडला, "मंगरूळ, मंगरूऽऽळ!" पक्ष्यानं ऐकायला मान वळवली. नारिंगी गाल उजेडात आला. खट्!

फोटोत एकेक पीस मोजता आलं असतं. शेठनी तिथल्या तिथे पाठवला, गिऱ्हाइकाचा होकार आला, आणि मला कोकणात जा असं पुन्हा कुणी म्हटलं नाही.

जाताना आपा म्हणाल्या, "धर त्याले हातात." मी अलगद धरला. त्यांनी त्या नारिंगी ठिपक्यावर हळूच फुंकर घातली. पिसं बाजूला झाली. खाली एक इवलंसं भोक.

"घे. कान."

नंतर त्यांनी मला फोटो शिकवले. आता शेडमधले सगळे फोटो मीच काढतो. ओढणी नाही, काळी छत्री धरतो. आणि पक्ष्यांना "कान दाखवा, जी" म्हणतो. कुणी हसलं तर हसू देत.

गेल्या हिवाळ्यात आपा वारल्या. काही दिवसांनी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. "साऱ्या गावाचे फोटो हायेत घरात. अम्मीचाच नाही. तुह्यापाशी हाये का एखादा?"

होता. त्या दिवशी एका हातानं ओढणी धरून दुसऱ्या हातानं मोबाइलवर काढलेला. मी भीत भीत पुढे केला, कारण चेहरा सगळा कॅमेऱ्यामागे आहे. पण ओढणी माझ्या बाजूला ओढली गेल्यामुळे केस मागे सरकून डोक्याची एक बाजू उघडी पडलीय, आणि उजेड बरोबर तिथेच पडलाय.

त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग डोळे पुसत हसला.

"कान तं दिसते, जी."