शपथेच्या ताटातलं मीठ

माझ्या बापाला चोर ठरवणारा कोणी परका नव्हता, माझा सख्खा चुलता होता. त्याला मी सोडणार नव्हते, आणि सोडलंही नाही.

दापोड्यात चुलत्याचं गोदाम होतं आणि बाबा ते सांभाळायचे. कापड रंगवणाऱ्यांना लागणारा धुण्याचा सोडा तिथे गोण्यांत असायचा, खडीसाखरेसारखे खडे. वैशाखात पत्र्याखाली नुसती भट्टी. खड्यांतलं पाणी उडून जातं, त्यांचं पीठ होतं आणि गोणी हलकी होते. काट्यावर वजन कमी भरलं तसा चुलत्याने गावभर बोभाटा केला, भावाने सोडा विकून खाल्ला म्हणून. बाबांच्या जागी स्वतःचा मेहुणा चिकटवला. बाबांनी आमच्या शेलार गावच्या देवळात मिठावर हात ठेवून शपथ घेतली, पण कोण ऐकतो? ‘सोडाचोर’ हे नाव पडलं ते पडलंच. होळीत पहिला नारळ आमच्या घरचा असायचा, तो मानही गेला.

पुढे मीही दापोड्यातच कामाला लागले, केमिकलच्या गोदामात, पॅकिंगला. सोडा कसा वाळतो ते तिथेच कळलं. मग एकदा धामणकर नाक्यावर रिक्षाच्या रांगेत चुलत्याकडून सोडा नेणारा जुना रंगवाला भेटला. बोलता बोलता म्हणाला, उन्हाने वजन घटतं हे त्याने चुलत्याला तेव्हाच सांगितलं होतं. माझं टाळकंच फिरलं. माहीत असून बापाच्या तोंडाला काळं फासलं मेल्याने!

श्रावणात देवळात गाव जमलं तेव्हा मी उभी राहिले आणि सगळं बोलले. चुलता हसून म्हणाला, आपल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मग घ्या शपथ, म्हटलं.

आमच्याकडे हात धुऊन, न पुसता, ओलाच मिठावर ठेवतात; खोटं बोलणाऱ्याचा हात मीठ भाजतं म्हणतात. ताट मीच नेलं होतं. त्यात मीठ नव्हतं. कपाटातली ओल शोषायला आम्ही ज्याच्या पुड्या भरतो, तो पांढरा क्षार होता. पाणी मिळालं की तो ते पितो आणि चांगलाच तापतो.

चुलत्याने ऐटीत हात दाबून ठेवला. शपथ अर्धी झाली आणि त्याचा चेहरा उतरला. हात झटकन ओढून तो तळव्याकडे बघत राहिला, मग मटकन खाली बसला.

“ठाऊक होतं,” तो म्हणाला. “देवा, मला ठाऊक होतं.”

जिवाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू! सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, आणि मी पोटभर बघून घेतलं.

तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी हात धुतले आणि ताटाकडे आले. मी ताट उचलायला धावले, त्यांनी मला बाजूला सारलं. काय सांगणार होते मी, गावासमोर? सांगितलं असतं तर चुलत्याचं कबूल करणंही वाया गेलं असतं.

“मी एक खडाबी नेला न्हाय,” बाबा म्हणाले, आणि ओला तळवा दाबून ठेवला.

चटका बसत होता, मला दिसत होतं. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. पुजारी म्हणाला, झालं, काढा आता हात. बाबांनी काढला नाही.